एअर फिल्टरमधला गुलाल

“दिवा कधीपासून लागतोय हा?”

आबा ओसरीच्या पायरीवर पेपर वाचत बसले होते. त्यांनी सावकाश पान उलटलं. “कुठला?”

“पिवळा. इंजिनाच्या चित्राचा. गाडी चालू केली तरी विझत नाहीये.”

“असेल आठ-दहा दिवस.”

“मग फोनवर बोलला नाहीत ते?”

“तू शनिवारी येणारच होतास. फोनवरनं काय फुंकर मारून विझवणार होतास?”

आबा चौतीस वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांना उलट बोलायची सोय आमच्या घरात कुणालाच नव्हती, त्यामुळं मी सरळ गाडीचं दार उघडलं.

ही अकरा वर्षांपूर्वीची, मे महिन्यातली गोष्ट. मी पुण्याला एका डिप्लोमा कॉलेजात ऑटोमोबाइल शिकवत होतो आणि महिन्या-दीड महिन्यानं खरातवाडीला, म्हणजे इस्लामपूरजवळच्या आमच्या गावी, आई-आबांकडं जात होतो. गाडी गावातच असायची. पांढरी, पेट्रोलवरची, सात वर्षं वापरलेली. आबांनी निवृत्तीनंतर हौसेनं घेतलेली आणि स्वतःच चालवलेली.

त्याच वर्षी जानेवारीत त्यांनी ती दूध डेअरीच्या कट्ट्यावर घातली. कुणाला लागलं नाही. एक कॅन आडवा झाला, आबांचा गुडघा सुजला, बंपर फुटला. पण आबा बाहत्तर वर्षांचे, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, आणि कट्ट्यावर नेहमी चार म्हातारी माणसं बसलेली असतात. त्या दिवशी नव्हती एवढंच. मी पुण्याहून तातडीनं आलो आणि स्पष्ट सांगितलं, की यापुढं गाडी चालवायची नाही. कुठं जायचं झालं तर शेजारच्या शंकर धोबळेंना बोलवायचं. ते एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, बसल्या बसल्या कंटाळलेले, हाकेला धावून येणारे. “आणि तुम्ही पुन्हा स्टिअरिंगला हात लावलात,” मी म्हणालो, “तर मी गाडी विकून टाकणार. मग रागवा नाहीतर काहीही करा.”

आबांनी सुजलेल्या गुडघ्यावरनं हात फिरवला. मग म्हणाले, “नाही चालवणार. शब्द दिला.”

आबांचा शब्द म्हणजे काय, ते आमच्याकडं पंचक्रोशीला माहीत होतं. तरुणपणी एकदा त्यांनी हेडमास्तरांना ‘सकाळी सातला येतो’ सांगितलं आणि पहाटे सायकलची चेन तुटली, तर सायकल खांद्यावर घेऊन नऊ किलोमीटर चालत सातला हजर झाले. काम काय होतं? हजेरीपत्रकावर रेघा मारायच्या होत्या. असा माणूस. त्यामुळं मी निर्धास्त होतो. बॅटरी उतरू नये म्हणून आठवड्यातनं दोनदा गाडी जागच्या जागी चालू करा, असं मीच सांगून ठेवलं होतं. किल्ली त्यांच्याकडंच होती.

तर त्या शनिवारी मी दार उघडून आत बसलो आणि गुडघे स्टिअरिंगवर आपटले. सीट पार पुढं ओढलेलं होतं. शंकरमामा बुटके, त्यांनी ओढलं असेल असं मनात म्हणून मी ते मागं सरकवलं आणि खिशातून माझं नवं यंत्र काढलं.

त्या यंत्राचं मला तेव्हा फार कौतुक होतं. काडेपेटीएवढं असतं. स्टिअरिंगच्या खाली एक खाच असते, तिथं ते बसवायचं, की गाडीच्या पोटातला दोष आकड्यांमध्ये आपल्या फोनवर येतो. नव्याचे नऊ दिवस चालू होते. सोसायटीतल्या सगळ्यांच्या गाड्या मी तपासून टाकल्या होत्या, काहींच्या तर त्यांनी नको म्हटल्यावरसुद्धा.

“काय सांगतंय तुझं यंत्र?” आबांनी पेपर खाली ठेवला होता. विज्ञानातलं काही निघालं की त्यांना राहवत नसे.

“इंजिनात किती हवा जाते ते मोजणारा एक सेन्सर असतो. बारीक तार असते त्यात. त्याचं माप जुळत नाहीये.”

“म्हणजे हवा कमी जातेय, की मोजणारा चुकतोय?”

“ते उघडून बघायला लागेल.”

“बघ मग. यंत्र नुसता आकडा देणार. अर्थ आपणच लावायचा.”

मी बॉनेट उघडलं. एअर फिल्टरच्या डब्याला चार चाप असतात. त्यातला मागचा चाप लागलेलाच नव्हता, नुसता टेकवून ठेवलेला होता. कुणीतरी डबा उघडला होता आणि नीट बंद केला नव्हता. त्या फटीतून धूळ आत जाऊन तारेवर बसली असणार. निदान झालं, असं म्हणून मी खुशीत उरलेले तीन चाप काढले आणि झाकण उचललं.

फिल्टर गुलाबी होता.

थोडाथोडका नाही. कागदाच्या घडीघडीत गच्च बसलेली गुलाबी पूड. मी बोटानं खरवडली, वास घेतला. आमच्या भागात वाढलेल्या माणसाला तो वास ओळखायला यंत्र लागत नाही. गुलाल होता.

तेवढ्यात आई चहा घेऊन बाहेर आली. माझ्या हातातला फिल्टर बघून ती दारातच थांबली.

“आबा,” मी म्हणालो, “हा गुलाल कुठला?”

आबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत लावला. “जोतिबाचा.”

आता इथं थोडं सांगायला पाहिजे. जोतिबा आमचं कुलदैवत. पण आबांनी उभ्या आयुष्यात त्या डोंगराची पायरी चढली नव्हती. ते पक्के बुद्धिवादी. स्वतःचं लग्न त्यांनी भटजीशिवाय केलं, घरात कधी सत्यनारायण होऊ दिला नाही, आणि आईला पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं, “तुझा देव तुला. मी अडवणार नाही आणि नेणारही नाही.” दोन्ही बाजू त्यांनी तंतोतंत पाळल्या. आई बायकांबरोबर टेम्पोतनं जायची. पुढं तिचे गुडघे गेले, टेम्पोत चढणं होईना, तसं तेही बंद पडलं. त्याला दहा-बारा वर्षं झाली होती.

“तुम्ही जोतिबाला गेला होतात?”

“हो.”

“कधी?”

“गेल्या महिन्यात. यात्रा उरकली, त्याच्या पुढच्या रविवारी. येताना घाटात देवाच्या एका उंच सासनकाठीच्या मागं अडकलो. तासभर. ती माणसं काठी नाचवत होती आणि मुठीमुठीनं गुलाल उधळत होती. गाडी ओळखू येईना. घरी येऊन धुतली. तो डबाही झटकला मीच. चाप राहिला वाटतं.”

“पण फिल्टरात एवढा गुलाल जायला इंजिन चालू लागतं.”

“चालूच होतं.”

“तासभर? उभ्या गाडीत?”

किर्लोस्करवाडीच्या रेल्वे फाटकाला दोन मिनिटं थांबायचं असलं तरी इंजिन बंद करणारा हा माणूस. ‘पेट्रोल काय विहिरीतनं उपसतोस का?’ हे मी गाडी शिकताना शंभर वेळा ऐकलेलं.

“शंकरमामांनी चालवली होती ना गाडी?” मी विचारलं. माझ्या आवाजात तेव्हा आशा होती, हे मला नक्की आठवतं.

“नाही,” आबा म्हणाले. “शंकर फेब्रुवारीपासून लेकीकडं आहे.”

“मग कुणी चालवली?”

आई पुढं झाली. तिच्या हातात अजून कपबश्यांचा ट्रे होता.

“आरं जयवंता, ऐक जरा. त्या दिशी गाडी...”

“आई, तू मधे पडू नको,” मी म्हणालो. “गाडीतलं तुला काय कळतं?”

उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यात मला त्या वेळी काहीही वावगं वाटलं नाही. आई गाडीत कायम मागं बसायची, काच खाली कशी करायची तेसुद्धा दर वेळी विचारायची. मी तिला यावरनं चिडवत आलो होतो. मिक्सरसुद्धा तिच्या हाताला घाबरून बंद पडतो, असं मी लोकांना तिच्यासमोर हसत सांगायचो, आणि तीही हसायची.

त्या दिवशी ती हसली नाही. ट्रे तिनं ओसरीच्या कट्ट्यावर ठेवला.

“जयवंत!” आबा शाळेतल्या आवाजात म्हणाले. मग मान वळवून त्यांनी आईकडं बघितलं. चांगलं दोन-चार सेकंद. आईनं अगदी बारीक मान हलवली, नाही म्हणून. ते मी बघितलं. पोराशी भांडू नका, असं ती त्यांना सांगतेय, असा अर्थ मी लावला.

“म्हणजे तुम्हीच चालवली,” मी म्हणालो.

“तसं समज,” आबा म्हणाले.

त्यांनी पेपर उचलला, घडी घातली आणि ते आत गेले. आई चहा गार होईल एवढंच म्हणाली आणि तीही गेली.

पुढचे दोन तास मी एकट्यानं काम केलं. आबांची स्कूटर काढून इस्लामपूरला गेलो, नवा फिल्टर आणि सेन्सर साफ करायचा फवारा आणला. सेन्सरची तार केसासारखी असते, तिला बोट लावायचं नाही, लांबून फवारायचं. फवारल्यावर गुलाबी पाण्याचा एक ओघळ आला. मग तार वाळू दिली, सगळं बसवलं, चारही चाप लावले, यंत्रानं दोषाचा कोड पुसला. गाडी चालू केली. दिवा लागला आणि विझला. निदान आणि उपचार, दोन्ही बिनचूक. एरवी मी आबांना हाक मारून दाखवलं असतं.

हात काम करत होते आणि डोकं दुसरीकडंच होतं. मला भीती वाटत होती. आबांनी शब्द मोडला याचा राग होता, पण रागापेक्षा भीती जास्त होती. सीट पुढं ओढलेलं शंकरमामांनी नव्हतं. मग आबांनीच. माझ्यापेक्षा दोन बोटं उंच असलेला माणूस काचेला नाक लावून गाडी चालवतो, म्हणजे त्याला दिसत नाही. तासभर इंजिन चालू ठेवतो, म्हणजे विसरतो. चाप लावायला विसरला ते वेगळंच. आणि आयुष्यभर ज्यानं देव मानला नाही, तो गुपचूप जोतिबाला जातो. एकेक गोष्ट सुटी बघितली तर सोडून देण्यासारखी होती, पण कॉलेजात मी पोरांना हेच शिकवत होतो, की लक्षणं एकत्र मांडा, मग दोष आपोआप सापडतो. मी मांडली. माझ्या एका सहकाऱ्याच्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. आधी चष्मा सापडेना, मग घर सापडेना.

मी पुण्याला बायकोला फोन लावला. सरोजला सगळं सांगितलं.

“आबांना नीट विचारलंस का?” ती म्हणाली.

“विचारलं. कबूल केलं त्यांनी.”

“आणि आई काय म्हणतात?”

“ती काय म्हणणार?”

नंतरचा फोन बजरंग पोवारला. त्याचा इस्लामपूरला फोटो स्टुडिओ. लग्नांच्या ऑर्डरींसाठी त्याला गाडी हवी होती आणि या गाडीवर त्याची दोन वर्षांपासून नजर होती. तो उद्या सकाळी येतो म्हणाला. मी आत जाऊन आबांना सांगितलं, “गाडी देतोय बजरंगला. मी जानेवारीतच बोललो होतो.”

“बोलला होतास,” आबा म्हणाले. “कागद कपाटात वरच्या खणात आहेत.”

ते भांडले असते तर बरं वाटलं असतं. आई चुलीपुढं भाकरी थापत होती, ती थापतच राहिली.

रविवारी सकाळी बजरंग आला. गाडीभोवती फिरला, बॉनेट उघडून बघितलं, गावाबाहेरपर्यंत चालवून आला, खूश झाला. आबा सह्या करून हायस्कूलच्या मैदानाकडं फिरायला निघून गेले. किल्ली द्यायच्या वेळी आई बाहेर आली. तिनं गाडीला हळद-कुंकू लावलं, आणि मग बजरंगला म्हणाली, “क्लच जरा वर धरतोय हं हिचा. बेतानं सोडा. न्हाईतर गचका देती.”

बजरंग हसला. “मावशी, तुम्हाला बरं ठाऊक!”

मीही हसलो. म्हणालो, “आबांचं ऐकून ऐकून पाठ झालंय तिचं.”

आई माझ्याकडं बघत राहिली. मग पदर सारखा करून आत गेली. गाडी डेअरीच्या कट्ट्यावरनं वळून दिसेनाशी झाली आणि मला हायसं वाटलं.

त्यानंतर मी गावी गेलो तो जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. अंगणात स्कूटर पुसत होतो, तेव्हा पोस्टमन आला. सांगलीच्या परिवहन कार्यालयाचं पाकीट, सही करून घ्यायचं. आत कडक कार्ड लागत होतं. माझं डोकंच फिरलं. गाडी गेली तरी आबांनी लायसन नवं करून घेतलं, म्हणजे या माणसानं अजून हट्ट सोडलेला नाही. मी तिथंच उभ्या उभ्या पाकीट फाडलं.

कार्डावर आईचा फोटो होता.

डोक्यावर पदर, नाकावर घसरलेला चष्मा, कॅमेऱ्याकडं रोखून बघणारी. मालन ज्ञानदेव चौगुले. हलकी चारचाकी, खाजगी वापर. मी नाव दोनदा वाचलं, पाकिटावरचा पत्ता बघितला. मग आबांना शोधत परसात गेलो. ते पेरूच्या झाडाला आळं करत होते. मी कार्ड पुढं धरलं.

त्यांनी हात झटकले, कार्ड घेतलं आणि त्यांचा चेहरा असा फुलला, की मी दहावीत बोर्डात आलो तेव्हाही तसा फुलला नव्हता. “आलं होय! पहिल्या फेरीत पास झाली. सांगलीला. मोटार स्कूलच्या परक्या गाडीवर, बरं का. आठ काढायला लावला, एकदाही बंद पडली नाही.”

“आबा, हे काय आहे?”

“जानेवारीत तू मला शब्द द्यायला लावलास,” आबा म्हणाले. “त्या रात्री ही म्हणाली, ‘शब्द तुम्ही दिलाय, मी कुठं दिलाय?’ मला पटलं. शिकाऊ लायसन काढलं. पहाटे हायस्कूलच्या मैदानावर जायचो. मी शेजारी बसायचो. पायच पोचायचे नाहीत तिचे, सीट पार पुढं घेतलं तेव्हा कुठं जमलं. अडीच महिने. जयवंत, चौतीस वर्षांत एवढी मेहनती विद्यार्थिनी मला मिळाली नाही.”

“आणि जोतिबा?”

“कुठं जायचं पहिल्यांदा, ते चालवणाऱ्यानं ठरवायचं. तिनं जोतिबा म्हटलं. घाट तिनंच चढवला. दोनदा बंद पडली, मी हँडब्रेकवर हात ठेवून बसलो होतो. ती बसत-उठत देवाला गेली, मी गाडीत पेपर वाचला. येताना त्या काठीमागं अडकलो, तर इंजिन बंद करू देईना. म्हणे, परत चालू नाही झाली तर एवढ्या माणसांत शोभा होईल.” आबा हसले. “मी पेट्रोल पेट्रोल करत होतो, ती ऐकते होय!”

मी विहिरीच्या कट्ट्यावर बसलो. “मग मला का नाही सांगितलंत? मी तुम्हाला किती... मला वाटलं तुमचं डोकं...”

“काय वाटलं ते दिसत होतं.”

“तरी बोलला नाहीत! ‘तसं समज’ म्हणालात! गाडी गेली ना आपली!”

“तिनं माझ्याकडनं शब्द घेतला होता. लायसन हातात पडल्याशिवाय कुणाला सांगायचं नाही. नापास झाले तर पोरं हसतील, म्हणाली.” आबांनी कार्ड माझ्या हातात परत दिलं. “तरी मी विचारलं तिला. तुझ्यादेखत विचारलं, नुसत्या नजरेनं. ती नको म्हणाली. तुला दिसलं असेल.”

“पण का नको म्हणाली?”

“ते मला काय विचारतोस?” आबा परत खुरप्याकडं वळले. “ती आहे की आत.”

आई स्वयंपाकघरात शेवग्याचा पाला निवडत होती. मी कार्ड तिच्यापुढं ठेवलं. तिनं हात पदराला पुसले, कार्ड उजेडात धरलं, चष्मा वर-खाली करून न्याहाळलं.

“डोळं लई वटारल्यागत आल्यात,” ती म्हणाली.

“आई, तू मला सांगितलं का नाहीस?”

“सांगाय लागले हुते की.”

तिनं ते रागानं म्हटलं नाही. आमटीत मीठ कमी पडलंय, हे जसं सांगतात तसं म्हटलं. मला लाज वाटली. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती, आणि नंतरही वाटली नाही. मी काहीबाही बोलायला लागलो, बजरंगकडून गाडी परत आणतो, नाही दिली तर नवी घेतो, ऑटोमॅटिक घेतो म्हणजे क्लचची कटकटच नको. आई पाला निवडत ऐकत होती.

“नगं,” ती म्हणाली. “तू घेशील, आन मग तूच सांगशील कवा चालवायची. ऱ्हाऊ दे.”

तिनं कार्ड रेशनकार्डाच्या डब्यात ठेवलं. मी दोन-तीनदा तो विषय काढून बघितला, पण ती दुसरंच काही बोलायची. आबांनीही कधी उकरून काढलं नाही. त्यांची नजर आणि डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं. चार वर्षांनी ते गेले, झोपेत, कुणाला त्रास न देता. शेवटल्या आठवड्यातसुद्धा त्यांनी डॉक्टरांची एक चूक काढली होती.

आणि त्याच्या पुढच्या वर्षी एका सकाळी आईचा फोन आला. एरवी ती फोनवर आधी नातवंडांची चौकशी करते. त्या दिवशी केली नाही.

“माझ्या लायसनची मुदत संपत आलीया,” ती म्हणाली. “नवं करून घ्यायचंय. तू रजा काढ.”

आई, आता कशाला, हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. मी ते गिळले आणि रजा काढली.

फॉर्म भरले, डॉक्टरचा दाखला घेतला, सांगलीला गेलो. गाडी मी चालवत होतो, आई शेजारी बसली होती. आता ती मागं बसत नसे. वाटेत तिनं मला दोनदा सांगितलं, की मी गिअर उशिरा बदलतो. परिवहन कार्यालयात खिडकीपलीकडं एक तरुण बाई होत्या. त्यांनी फॉर्म बघितला, मग वाकून आईला बघितलं. अडुसष्ट वर्षांची, काठी टेकत आलेली, कपाळ रिकामं.

“आजी,” त्या हसून म्हणाल्या, “तुम्ही गाडी चालवता?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

“गाडी न्हाई,” आई म्हणाली. “हुती. ह्यानं इकली.” तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. काठी डाव्या हातात घेतली आणि सही करायला पेन मागितलं.

“पर मला येती चालवाय.”